शिलंगणाचा बार

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नळीत डोकावून कळत नाही, आणि डोकावायचंही नसतं. ते कानानं ओळखायचं. लोखंडी गज नळीत हळूच सोडायचा. रिकामी असेल तर तळाशी लोखंडाला लोखंड लागून खणकन आवाज येतो. आत दारू आणि बोळा असेल तर गज मुक्यानं थांबतो, चिखलात काठी रोवावी तसा. मी बंदूक हातात घेतली की आधी हे करतो. मग पुन्हा करतो. खुंटीवर टांगताना आणखी एकदा करतो. बघणारे हसतात, पण ज्यांची ही बंदूक ते आबा कधी हसले नाहीत.

मी स्वभावानं घोर लावून घेणारा माणूस आहे. विहिरीवरची मोटार बंद केली तरी अर्ध्या वाटेवरून बघायला परत जातो. गोठ्याची कडी, गॅसचं बटण, मोबाईलचा चार्जर, सगळ्यांची मला काळजी. या स्वभावाचा मला शाळेत उपयोग झाला नाही, ट्रकवरही झाला नाही. ठासणीच्या बंदुकीला मात्र असाच माणूस लागतो. बिनघोर माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. आठवीचं वर्ष अर्धं झालं आणि मी शाळा सोडली. मास्तर घरी दोनदा येऊन गेले, पण वडील नव्हते आणि धानाच्या बांधीत उभं राहायला आईबरोबर दुसरं कुणी नव्हतं. पुढं नागपूर, मिळेल ते काम, आणि शेवटी एका ट्रकवर क्लीनर. एकदा बारामतीचा माल घेऊन येताना इंदापूरच्या अलीकडं-पलीकडं ट्रकचं इंजिन बसलं. ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेला आणि मी ट्रकच्या सावलीत बसून राहिलो. दुपार टळली. रस्त्याकडेच्या डाळिंबाच्या बागेतून फेटा बांधलेला एक म्हातारा माणूस बाहेर आला. त्यानं ट्रककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का रं?"

माझ्या या मुलखातल्या राहण्याची सुरुवात एवढ्या एका प्रश्नानं झाली. ते आबा. ट्रक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन गेला आणि मी बागेत राहिलो. कळस आणि इंदापूरच्या मधल्या त्या वाडीवर आबांची डाळिंबं, थोडे पेरू आणि कडेला ऊस. मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात आबा आणि त्यांची बायको, म्हणजे आक्का. आक्कांचं माहेर कऱ्हाटीचं, आणि कऱ्हाटीत जे होतं ते जगात कुठंच होत नाही अशी त्यांची समजूत होती. मला त्यांनी पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या: भाकरी मोडून खायची, आणि जेवताना मोबाईल बघायचा नाही.

बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती पेरूच्या पट्टीत. सकाळी राघूंचा थवा उतरला होता. आबांनी खांद्यावरची लांबलचक नळी आभाळाकडं केली आणि असा आवाज झाला की मी होतो तिथं खाली बसलो. धुराच्या पांढऱ्या ढगातून आबा माझ्याकडं बघत होते.

"काय झालं रं?"

आमच्याकडं बंदूक दिसली की ती कुणाची आहे हे बघायच्या आधी माणूस मान खाली घालतो. खाकीतल्या माणसाची असली तरी मान खाली, जंगलातल्या माणसाची असली तरी मान खाली. बंदूक हातात घेऊन पेरू राखतात, हे मला ठाऊक नव्हतं.

आबांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी बंदूक माझ्यासमोर आडवी धरली. "हिच्यात गोळी न्हाय, छर्रा न्हाय. निस्ता बार. ही भुकती, चावत न्हाय. लाव हात."

मी हात लावला. नळी कोमट होती.

ही बंदूक आबांच्या आज्यापासूनची. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली, दर निवडणुकीला ठाण्यात जमा होणारी आणि निकाल लागला की घरी येणारी. परवाना आबांच्या नावावर, म्हणून चाप ओढायचा तो आबांनीच. मला धुवायला, पुसायला आणि त्यांच्यासमोर भरायला परवानगी. पुष्कळ वर्षं आमचं असंच चाललं. भरायची मी, वाजवायची आबांनी.

भरण्याची रीत आबांनी मला बोलून शिकवली नाही, चुकलं की टोकून शिकवली. दारू शिंगाच्या मापानं नळीत सोडायची, ती सोडताना कुणाशी बोलायचं नाही. वर काथ्याचा बोळा. मग गजानं ठासायचं, तेही बेतानं. पाहुण्याच्या पाठीवर थाप मारावी इतपत. ठासताना तोंड नळीवर आणायचं नाही. घोड्याखाली एक बारीक पोकळ बोंडी असते, तिला आबा 'कान' म्हणायचे. त्या कानावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी कानातून आत जाते आणि बार होतो. कान तुंबला की सगळं व्यर्थ. म्हणून आबांच्या फेट्याच्या पदरात एक जाड सुई कायम खोचलेली असायची.

"आन टोपी कवा चढवायची?" ते विचारायचे.

"अगदी शेवटी."

"शेवटी म्हंजी कवा?"

"बार काढायच्या जागी उभं राहिल्यावर."

"आन टोपी फुटली, टक् झालं, पर बार झाला न्हाय तर?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. त्याचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. बंदूक होती तशी आभाळाकडं धरून उभं राहायचं. खाली घ्यायची नाही, हलवायची नाही, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. आतला विस्तव कधी कधी झोपलेला असतो आणि उशिरा जागा होतो. किती वेळ थांबायचं, तर आबांचं माप ठरलेलं: विड्याचं पान काढून, पुसून, चुना लावून, सुपारी कातरून तोंडात टाकेपर्यंत. "तेवढ्यात जागा झाला तर झाला. न्हायतर मग कान बघायचा."

मला हे काम आवडू लागलं. आपल्या हातानं भरलेल्या बंदुकीचा बार नीट उडाला आणि राघूंचा हिरवा थवा उसाच्या पलीकडं गेला, की मला बरं वाटायचं. आपण इथं उगाच नाही, कशाला तरी आहोत, असं वाटायचं.

मग आबांचे हात थरथरू लागले. आधी चहाची बशी वाजायची. पुढं टोपी बोटांतून निसटून मातीत पडायची आणि आम्ही दोघं ढेकळांत ती शोधत बसायचो. मी त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, रेघ ओढायला लावली, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की थरथर कमी होईल, जाणार नाही. परतताना बसमध्ये आबा खिडकीबाहेर बघत होते. इंदापूर यायच्या आधी म्हणाले, "परवान्यावर राखनदार म्हनून तुझं नाव चढवू."

"माझं?"

"मग काय बैलाचं?"

अर्ज गेला. माझ्या नावापुढं गडचिरोली पाहून ठाण्यातल्या साहेबांनी मान वर केली, चष्म्यातून मला पुरतं न्याहाळलं आणि म्हणाले, "चौकशी लागेल, बरं का." मी म्हटलं, लागू द्या. चौकशीचा कागद माझ्या गावाला गेला आणि आईचा फोन आला. ती रडायच्या बेताला आली होती.

"बाबू, पोलीस आले होते तुह्याबद्दल विचाराले. काय केलं रे तुनं?"

"काही नाही केलं, माय. पाखरं हाकलतो मी इथं."

"पाखरं हाकलाले पोलीस कायले लागते?"

तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पण नाव चढलं. परवान्यावर आबांच्या नावाखाली माझं नाव छापून आलं तेव्हा मी ते घरातल्या कॅलेंडरमागं धरून वाचलं, कुणाला दिसू नये म्हणून. आठवी न झालेल्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर एवढ्या नीट अक्षरांत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. आमच्या वाडीत दसऱ्याला शिलंगणाची पालखी निघते. उन्हं कलली की देव पालखीत बसून गावाच्या शिवेवर जातो. तिथं आपट्याच्या फांद्यांचा ढीग रचलेला असतो. गुरव पूजा करतो, मग बंदुकीचा एक बार होतो आणि बार झाला की माणसं सोनं लुटायला त्या ढिगावर तुटून पडतात. बाराआधी कुणी एका पानाला हात लावत नाही. पोलिसांची परवानगी दरवर्षी घेतली जाते, आणि बार काढायचा मान आबांच्या घराचा. त्यांच्या आज्यानं काढला, वडिलांनी काढला, आबांनी काढला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी देवळाच्या पारावर बैठक बसली. वर्गणी, वाजंत्री, मांडव असं सगळं झालं. मग तात्यांनी विषय काढला. तात्या म्हणजे वाडीतले दुसरे मोठे बागाईतदार. आबांहून वयानं लहान, आवाजानं मोठे. त्यांच्या घरात बारा बोराची नवी बंदूक होती.

"आबा, राग मानू नगा. तुमचा हात आता चालत न्हाय. खोटं हाय का?"

"खरं हाय," आबा म्हणाले.

"मग औंदा बार कोन काढनार?"

आबांनी हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. मी पाराखाली चपला सांभाळत उभा होतो.

"ह्यो?" तात्या मोकळेपणी हसले. "आबा, देव आपला, शीव आपली, सोनं आपलं, आन बार गडचिरोलीचा?"

पारावर हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "हात वर करून उभं ऱ्हायचं का आमी?" त्यावर आणखी हशा. मीही हसलो. अशा वेळी हसलेलं बरं असतं.

तात्या म्हणाले, "आमच्याकडं बारा बोराची हाय. काडतूस घातलं की धाडकन. ना ठासायची, ना फुकायची."

"त्यात काय गंमत हाय, तात्या?" आबा म्हणाले. "ती कुनाच्याबी हातनं वाजती."

"वाजती तर खरं. तुमचं हे ठासनीचं प्रकरन, त्यात ह्यो पाव्हना. देवाम्होरं फुसकं निघालं तर?"

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "ह्या दसऱ्याला बार ह्योच काढील. न्हाय उडाला तर पुढल्या सालापासनं मान तुमच्या घरात. माझ्या तोंडचा शब्द हाय."

घरी येताना मला राहवलं नाही. "आबा, असं कायले बोलले तुमी? मले नाही जमलं तर?"

"मले न्हवं, मला," आबा म्हणाले. "आन जमंल."

घोर लावून घेण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण बंदुकीच्या बाबतीत मला माझ्या हाताची खात्री होती. मला काळजी होती ती आबांची. माझं काय, फार तर दोन दिवस टोमणे ऐकले असते. त्यांची तीन पिढ्यांची गोष्ट त्यांनी माझ्या बोटांवर ठेवली होती.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली: कोयता, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचा पाना आणि मधोमध बंदूक. झेंडूची माळ घातल्यावर ती अगदी सालस दिसत होती. दसऱ्याला सकाळी मी माळ उतरवली, नळी कढत पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, तेलाचं फडकं फिरवलं. कानात सुई घालून पाहिली. नुसत्या टोप्या चढवून फोडून पाहिल्या. नळीच्या तोंडाशी धरलेलं वाळकं पान दर वेळी फडफडलं, म्हणजे कान मोकळा. मग देवघरासमोर बसून दारू सोडली, बोळा घातला, ठासलं. आबा खाटेवरून बघत होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही.

निघायची वेळ झाली. आक्का ताट घेऊन आल्या. "थांब. ओवाळल्याबिगार जायाचं न्हाय. आमच्या कऱ्हाटीत बार काढनाऱ्याला ओवाळत्यात."

कऱ्हाटीत असा बार काढतात की नाही हे मला आजही माहीत नाही. पण मी फेटा सावरून उभा राहिलो. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, वर तांदूळ चिकटवले. हा तांदूळ माझ्या गावचा. दर वर्षी गावाकडून येताना मी एक पिशवी आणतो आणि आक्का त्यातला शिजवत नाहीत, देवाला ठेवतात. माझं झाल्यावर त्या बंदुकीकडं वळल्या. "हिलाबी लावते. काम तर हीच करनार." आणि ताटातलं कुंकू पाण्यात कालवून त्यांनी घोड्याखाली, बंदुकीचं कपाळ असावं अशा जागी, अंगठ्यानं दाबून टिळा लावला. वर चिमूटभर अक्षता. त्यांचे डोळे भरून आले होते. माझी आई सोडली तर मला असं कुणी ओवाळलं नव्हतं, आणि माझेही डोळे कोरडे नव्हते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी असल्यावर कान कोण बघणार?

बाहेर हलगी सुरू झाली होती. पालखीपुढं मी, माझ्या शेजारी काठी टेकत आबा. नळी खांद्यावर, टोप्या खिशातल्या डबीत, दारूचं शिंग कमरेला. शिवेवर अख्खी वाडी जमली होती. गुरवानं पूजा केली, नारळ फोडला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. हलगी थांबली. ढिगाभोवती माणसं पदर खोचून, बाह्या सरसावून तयार. मी सवयीच्या बोटांनी, न बघताच कानावर टोपी चढवली, नळी आभाळाकडं केली, घोडा ओढला, चाप दाबला.

टक्.

बस, तेवढंच. टोपी फुटल्याचा तो बारका आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला, इतकी शांतता होती.

मी बंदूक तशीच धरून उभा राहिलो.

मग सुरू झालं. "फुसकं निघालं की!" "आरं, गडचिरोली, पाऊस लागला का दारूला?" कुणी शिट्टी वाजवली. पुढची काही पोरं बघायला जवळ सरकली. मी मान न वळवता ओरडलो, "मांगं व्हा! सगळे मांगं व्हा!" घाईत माझी भाषा निघाली. ते ऐकून लोक आणखी हसले, पण माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण हसत हसत मागं सरकले.

तात्या पुढं आले. "आबा, झालं न्हवं? देव ताटकळलाय. माझी बंदूक जीपमधी हाय, आनू का?"

आबा शिवेच्या दगडावर बसले, कमरेची चंची काढली आणि त्यातून विड्याचं पान काढून मांडीवर पुसायला लागले.

लोकांना वाटलं म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. काहींनी मान फिरवली. मला मात्र कळलं. आबा पान खात नव्हते, मला वेळ मोजून देत होते. थांब, म्हणत होते. हलू नको.

पण त्यांचे हात थरथरत होते. पानाचा देठ खुडता खुडता पान फाटलं, त्यांनी दुसरं काढलं. चुना पानावर कमी आणि धोतरावर जास्त सांडला. अडकित्त्यात सुपारी धरली की निसटायची, ती उचलायची, पुन्हा धरायची. माझे दंड भरून आले होते, घाम फेट्यातून भुवईवर उतरत होता आणि आबांचं पान काही लागत नव्हतं. गुरव एकदा पालखीकडं, एकदा आभाळाकडं बघत होता. कुणीतरी म्हणालं, "आता त्या पानाला कात लावंपतोर मावळंल दिस." तरी मी थांबलो. सुपारी कातरली गेली, विडा दुमडला गेला, आणि आबांनी तो तोंडात टाकला. मग मी बंदूक उतरवली. नळी माणसांपासून दूरच ठेवली.

घोडा मागं घेऊन फुटकी टोपी काढली आणि पाहिलं. कान लाल झाला होता. ओल्या कुंकवाचा लगदा आणि त्यात रुतलेली तांदळाची कणी.

एका क्षणात सगळं ध्यानात आलं. मोठ्यानं बोललो असतो तर माझ्यावरचं हसणं तिथंच थांबलं असतं. पण ते घरी वाट बघत बसलेल्या आक्कांवर गेलं असतं, आणि शिलंगणाला टिळ्यानं बार अडला ही गोष्ट वाडीनं त्यांना जन्मभर ऐकवली असती. मी अंगठ्यानं कान झाकला आणि आबांकडं गेलो. हळूच म्हणालो, "सुई."

आबांचा हात फेट्याकडं गेला. बोटं पदर चाचपत राहिली, सुई सापडेना. सापडली तर चिमटीत धरवेना. मग त्यांनी हात खाली घेतला, आणि साऱ्या वाडीसमोर, तात्यांसमोर, पालखीसमोर, त्या माणसानं माझ्यापुढं डोकं वाकवलं.

मी त्यांच्या फेट्यातून सुई काढून घेतली. त्या वेळी माझी बोटं अजिबात कापली नाहीत. इतकी स्थिर ती आधी कधी नव्हती आणि नंतरही झाली नाहीत.

कणी टोचून बाहेर काढली, कान माझ्या फेट्याच्या सोग्यानं पुसला, पुन्हा सुई फिरवली, आत चिमटीनं कोरड्या दारूचे चार दाणे सोडले. नवी टोपी. नळी आभाळाकडं. आबा उठून माझ्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो थरथरत होता आणि मी नव्हतो.

बार असा झाला की ओढ्यातले बगळे एकदम उठले. पांढरा धूर आमच्या दोघांवरून पालखीवर गेला, आणि धुराच्या पलीकडून "चांगभलं" असा कल्लोळ आणि आपट्याच्या फांद्या मोडल्याचा आवाज आला. आमच्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

सोनं द्यायला तात्या आले. आबांच्या पाया पडले, मला पानं दिली. "उडाला खरा. पर एवढा येळ काय करत हुतास रं? मंतर म्हनत हुतास?"

"कान जरा बुजला होता, तात्या."

"आन आबा, तुमाला बरं त्या वक्ताला पान खायला सुचलं!"

"तोंड कोरडं पडलं हुतं," आबा म्हणाले.

तात्या आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मान तुमच्याच घरात. आमच्यानं इतका येळ उभं ऱ्हावनार न्हाय." आणि हसत गर्दीत गेले.

घराकडं येताना मी आबांना कणीचं सांगितलं. ते वाटेतच थांबले. आधी मला वाटलं दम लागला, पण ते हसत होते. "तुझ्याच गावचा तांदूळ आडवा आला म्हन की!" पुन्हा चार पावलं गेले, पुन्हा थांबले, पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "घरात बोलू नगंस."

आक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी बार लांबून ऐकला होता, त्याआधीचं काही नाही. "उडाला न्हवं? मी म्हनलंच हुतं. टिळ्याचा गुन हाय त्यो."

"व्हय," आबा म्हणाले. "टिळ्यानंच केलं सगळं."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, म्हणून बरं झालं.

त्याला आता काही वर्षं झाली. आबा शिवेपर्यंत जीपमधून येतात, दगडावर बसतात, चंची बरोबर आणतात. बार दर दसऱ्याला पहिल्या टोपीला उडतो. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, बारीक तांदूळ नेत जाऊ नको तर. पण मी तोच नेतो. आणि दसऱ्याला निघताना आक्का ताट घेऊन आल्या की मी बंदूक त्यांच्यापुढं धरतो आणि डावा अंगठा कानावर ठेवतो. त्यांची नजर आता कमी झाली आहे. त्या कुंकू कालवतात, नेमक्या त्याच जागी दाबून टिळा लावतात, वर माझ्या गावच्या अक्षता. मी तसाच निघतो, शिवेवर पोचेपर्यंत अंगठा उचलत नाही.